‘एरो’ जहाज आणि सालबाईचा तह

सालबाईच्या तहासंबंधीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें आहे त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकानें वारंवार आढळतें : नाना फडणीस फ्रेंचांच्या मदतीच्या आशेवर होते, ती मदत आली नाहीं, म्हणून तह झाला. मीं स्वतः शाळेंत तीस वर्षें हेंच वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलें. इतकेंच नव्हे, तर सेंट ल्यूबिन नांवाच्या एका तोतया फ्रेंचानें नानांसारख्या चतुर पुरुषास चकविलें, असेंहि वर्गांत सांगत आलों. सेवानिवृत्तीनंतर खडवलीस भातसेच्या कांठीं राहून त्या काळच्या फ्रेंच व इंग्रज आरमारांच्या हकीकती सवडीनें वाचल्या, तेव्हां ‘ती मदत आली नाहीं’ हा या वाक्याचा भाग खरा नाहीं असें ध्यानांत आलें. मदत आली होती. तिच्यांतील मुख्य जहाज चौऱ्याहत्तर तोफांचें होतें, त्याचें नांव ‘एरो’. आणि १७ मे १७८२ रोजीं सालबाई येथें तह ठरला त्या दिवशीं तें जहाज सिंहलद्वीपाच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ येथें नांगर टाकून आपल्या जखमा बांधीत होतें. या एका जहाजाचें चरित्र जुळवून पाहिलें असतां पुण्याच्या त्या वेळच्या राजकारणावर कांहीं प्रकाश पडतो, एवढ्याचसाठीं हा लेख.

नांवाविषयीं प्रथम. फ्रेंच भाषेंत हा शब्द लिहितात तसा उच्चारीत नाहींत. आरंभींचा हकार व शेवटचा सकार दोन्ही गळून ‘एरो’ एवढेंच उरतें. अर्थ ‘वीर’. इंग्रजी पुस्तकांतून तें निराळ्या उच्चारानें उतरतें, त्यामुळें एकाच जहाजाचीं दोन जहाजें होण्याचा संभव आहे. आपल्या मराठी कागदांत तर जहाजाच्या नांवापेक्षां टोपीवरच भर. फ्रेंच म्हणजे ‘फरासीस’, पोर्तुगीज म्हणजे ‘फिरंगी’, डच म्हणजे ‘वलंदेज’. ‘टोपीकर’ हा शब्द मात्र कधीं इंग्रजांस तर कधीं सगळ्याच युरोपियनांस लावलेला असतो, म्हणून रुमाल सोडून बसणारानें तेथें जपून पाऊल टाकावें.

पुणें दरबारास परक्याच्या जहाजाची गरज कां पडली, हें सांगण्यास आमच्याच खाडीपासून आरंभ करावा लागतो. भातसेचें पाणी उल्हासेंत मिळून कल्याणच्या खाडीनें समुद्रास जातें. कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवछत्रपतींनीं आपलीं पहिलीं लढाऊ गलबतें याच खाडींत बांधविलीं. पुढें आंगऱ्यांनीं तें आरमार कोणत्या पदवीस नेलें तें वाचकांस सांगावयास नको. परंतु १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं तुळाजी आंगऱ्याचें सर्व आरमार जळून गेलें. जाळणारे इंग्रज, आणि जमिनीकडून त्या मोहिमेंत सामील झालेली फौज पेशव्यांची. या गोष्टीचा दोष कोणाकडे किती, हा वाद जुना आहे व येथें तो उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. फळ मात्र स्पष्ट आहे. त्यानंतर वसई व विजयदुर्ग या सुभ्यांत पेशव्यांचीं जीं गुराबें व गलबतें राहिलीं तीं व्यापाऱ्यांस कौल देण्यास व चांचे हांकून देण्यास पुरेशीं होतीं. विलायतेहून येणाऱ्या दोन-तीन मजली तोफखान्यापुढें उभीं राहण्याजोगीं नव्हतीं. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें व साष्टी गिळली, ती १७७६ च्या पुरंदरच्या तहानेंहि सुटली नाहीं. मुंबईच्या समुद्रावर दुसरा कोणी प्रबळ टोपीकर उभा केल्यावांचून साष्टी परत येत नाहीं, हें नानांस उमगलें असल्यास त्यांत नवल तें काय?

१७७७ च्या मार्च महिन्यांत फ्रेंचांचें एक जहाज चौलास लागलें, आणि त्यांतून सेंट ल्यूबिन उतरला. आपण फ्रान्सच्या राजाचा वकील आहों असें त्यानें जाहीर केलें. पुण्यास त्याचा मोठा सन्मान झाला, आणि इंग्रजांचा वकील मॉस्टिन याच्या पोटांत गोळा उठला. ग्रांट डफ यानें या गृहस्थास साहसी भोंदू ठरविलें आहे, व तोच शिक्का आपल्या पाठ्यपुस्तकांत उमटला. पूर्वीं मद्रासेकडे त्यानें केलेले उद्योग पाहतां माणूस विश्वासाचा नव्हता हें खरेंच. पण त्याच्या बोलण्यांतला विषय काय होता? अडीच हजार गोरे शिपाई आणावयाचे, दहा हजार देशी शिपाई कवाईत शिकवून तयार करावयाचे, दारूगोळा व शस्त्रें पुरवावयाचीं. आणि मोबदल्यांत चौलाचें बंदर व रेवदंड्याचा किल्ला. बोलणारा खोटा असला तरी मागणी खरी होती. फ्रेंचांपाशीं हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर माहे एवढेंच ठाणें होतें, पूर्वेस पांडेचरीला जहाजांस आश्रय देणारें बंदर नव्हतें, आणि त्यांचें खरें घर म्हणजे मॉरिशस, जें त्या वेळीं ‘फ्रान्सचें बेट’ म्हणविलें जाई. (याच बेटाचें नांव आपल्या स्वयंपाकघरांत ‘मोरस’ साखरेच्या रूपानें अजून घेतलें जातें.) तेथून कोरोमांडलच्या किनाऱ्यास यावयाचें म्हणजे आठवड्यांचा प्रवास. ज्याला हिंदुस्थानांत आरमार राखावयाचें आहे त्याला बंदर पाहिजे, ही गोष्ट ल्यूबिन थाप म्हणून सांगत नव्हता.

नानांनीं त्याला रीतीनें ठेवून घेतलें, इंग्रजांस डिवचलें, आणि १७७८ त निरोप दिला. बंदर देण्याचें बोलणें झालें. किल्ला कोणीं ताब्यांत दिला नाहीं. वसई १७३९ त किती रक्त सांडून फिरंग्यांकडून घेतली हें ज्या दरबारास ठाऊक होतें, त्यानें दुसऱ्या टोपीकरास आपल्याच हातानें कोंकणांत जागा कशी द्यावी? शत्रूस काढण्यासाठीं ज्यास आणावयाचें तो काढला जाईल काय, ही शंका पेशवाईंतील कोणाहि शहाण्या माणसास आली असती. मला तर नानांनीं ल्यूबिनला जितकें वापरलें तितकें ल्यूबिननें नानांना वापरलें नाहीं असें वाटतें. मुंबईकरांस त्यानें एवढें भय घातलें कीं त्यांनीं घाई करून रघुनाथरावास पुढें केलें, आणि १७७९ च्या जानेवारींत वडगांवीं नाक घांसलें.

ल्यूबिन पुण्यांत मेजवान्या झोडीत होता तेव्हां ‘एरो’ समुद्रावर नव्हतें. भूमध्यसमुद्रावर तुलोन म्हणून फ्रेंचांचें आरमारी शहर आहे, तेथील कारखान्यांत तें तयार होऊन १७७८ च्या डिसेंबर महिन्यांत पाण्यांत लोटलें गेलें. चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज हा त्या शतकांतील फ्रेंच नौकाशिल्पाचा उत्तम नमुना समजतात. इंग्रजांनींहि त्याची नक्कल केली. तळच्या मजल्यावर ३६ पौंडी गोळ्याच्या २८ तोफा, त्यावरील मजल्यावर १८ पौंडी गोळ्याच्या ३०, व सर्वांत वर ८ पौंडी १६, असा सामान्यतः हिशेब असे. एका बाजूच्या तोफा एकदम सुटल्या म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या किल्ल्याच्या सर्व तोफखान्याहून अधिक लोखंड एका क्षणांत बाहेर पडे. त्यावर सहा-सातशें माणसें. सांगाडा ओक झाडाच्या लांकडाचा. डोलकाठ्या मात्र त्या देशांतील नव्हत, त्या उत्तरेकडील बाल्टिक समुद्रावरून आणलेल्या देवदाराच्या जातीच्या सरळसोट वृक्षांच्या. या डोलकाठ्यांकडे वाचकांनीं लक्ष असूं द्यावें, कारण पुढील सर्व कथा त्यांवर टांगलेली आहे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. उष्ण समुद्रांत लांकडास किडा लागतो व तळावर शेवाळ व शिंपले चढून जहाज जड चालतें, म्हणून त्या सुमारास तळास तांब्याचे पत्रे मढविण्याची चाल निघाली होती. इंग्रजांनीं ती झपाट्यानें उचलली. फ्रेंचांचीं कांहीं जहाजें मढविलेलीं, कांहीं उघडीं. मढविलेल्यांस उघड्यांची वाट पाहावी लागे, आणि सर्व ताफा सर्वांत मंद जहाजाच्या गतीनें चाले. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रांतील चुंबकपाषाणांच्या भयानें नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलें आहे. त्या विधानास हंसणारे पुष्कळ भेटतात. तळास कोणता धातु लावावा या प्रश्नावर युरोपांतील राष्ट्रें आरमारें झुंजवीत होतीं, हें त्यांच्या गांवीं नसतें. असो.

२२ मार्च १७८१ रोजीं ‘एरो’ ब्रेस्टहून निघालें. बरोबर आणखी चार मोठीं लढाऊ जहाजें, आणि मुख्य अधिकारी सुफ्रेन. हा माल्टाच्या धर्मवीरसंघांतला, देहानें स्थूल, पोषाखाविषयीं बेपर्वा, व आपल्या हाताखालच्या कप्तानांवर सदा रागावलेला असा मनुष्य होता. राग बहुतेक वेळां योग्य असे. १६ एप्रिल रोजीं आफ्रिकेच्या पश्चिमेस पोर्तुगीजांच्या सांतियागो बेटावर प्राया बंदरांत इंग्रजांचा एक ताफा पाणी भरीत असलेला त्याच्या दृष्टीस पडला. बंदर तटस्थाचें होतें. सुफ्रेननें तें मानलें नाहीं. ‘एरो’ एकटेंच पुढें घुसून शत्रूच्या मध्यें नांगर टाकून उभें राहिलें, मागून ‘आनिबाल’ आलें, बाकीचीं नीट जागेवर आलींच नाहींत. ‘आनिबाल’च्या तिन्ही डोलकाठ्या गेल्या व त्यास दोरानें ओढीत बाहेर काढावें लागलें. लढाई म्हणून ही गोष्ट अर्धवट राहिली. पण इंग्रज ताफ्याचा केप बळकावण्याचा बेत फसला, कारण सुफ्रेन त्यांच्या आधीं तेथें पोंचला. २५ ऑक्टोबरास ‘एरो’ मॉरिशसला लागलें.

या सात महिन्यांत इकडे काय झालें होतें तें येथेंच सांगितलें पाहिजे. १७८० त नाना, हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांची चौकडी जमली. हैदरानें कर्नाटक पेटविलें. १७८१ च्या आरंभीं फ्रेंचांचा दुसरा सरदार दॉर्व्ह मॉरिशसहून आरमार घेऊन कोरोमांडलच्या किनाऱ्यावर आला देखील. त्या वेळीं इंग्रजांचें आरमार तेथें नव्हतें, मद्रास उपासमारीच्या दारांत होतें, हैदरानें गळ घातली. आणि दॉर्व्ह कांहीं न करितां परत निघून गेला. फ्रेंचांवरील विश्वास जर कोठें मेला असेल तर तो येथें, ल्यूबिनच्या बडबडीनें नव्हे. त्याच्या दोन-तीन महिनेच आधीं, १७८० च्या डिसेंबरांत, गॉडर्डनें वसई घेतली होती, व वसईच्या सुटकेसाठीं धडपडणारे रामचंद्र गणेश आमच्या भिवंडी भागांतील दुगाड येथें धारातीर्थीं पडले होते. कल्याण त्याच वर्षीं उन्हाळ्यांत इंग्रजांच्या हातीं गेलें. म्हणजे पुण्याच्या दृष्टीनें समुद्र पूर्ण बंद झाला होता. १७८१ च्या एप्रिलांत गॉडर्डला खंडाळ्याहून पनवेलीपर्यंत आपल्या फौजांनीं पिटाळीत नेलें, हा विजय मोठा. पण तो घाटावरील व घाटाखालील, पाण्यावरील नव्हे.

मॉरिशसहून दॉर्व्ह व सुफ्रेन मिळून अकरा मोठीं जहाजें घेऊन १७८१ च्या डिसेंबरांत निघाले. वाटेंत इंग्रजांचें ‘हॅनिबल’ नांवाचें पन्नास तोफांचें जहाज त्यांनीं धरलें. ९ फेब्रुवारी १७८२ रोजीं दॉर्व्ह आजारानें वारला व सर्व अधिकार सुफ्रेनकडे आला. १७ फेब्रुवारीस सद्रासजवळ इंग्रज सेनापति ह्यूज याच्याशीं पहिली लढाई झाली. ‘एरो’ ह्यूजच्या ‘सुपर्ब’ जहाजाशीं भिडलें. ‘सुपर्ब’चा कप्तान मारला गेला. त्यानंतर फ्रेंच फौज हैदराच्या मदतीस पोर्टोनोव्हो येथें उतरली व कडलूर हातीं आलें.

दुसरी लढाई १२ एप्रिलची, प्रोव्हिदियन या बेटाजवळ. येथेंहि ‘एरो’ व ‘सुपर्ब’ पिस्तुलाच्या टप्प्यांत आलीं. ‘एरो’च्या पुढच्या डोलकाठीचा वरचा भाग तुटला, जहाज वळेना, आणि सुफ्रेनला आपलें निशाण ‘आजाक्स’वर न्यावें लागलें. यानंतरची विश्रांति म्हणजेच आरंभीं सांगितलेलें बट्टिकलोआ. तेथें नवी डोलकाठी मिळण्याची सोय नव्हती. होतें तेंच जोडावयाचें, बांधावयाचें, लहान नौकांचें काढून मोठीस लावावयाचें. ग्वाल्हेर प्रांतीं सालबाई येथें महादजी शिंदे व अँडर्सन तहाचीं कलमें उरकीत होते तेव्हां बट्टिकलोआच्या खाडींत फ्रेंच सुतार हें काम करीत होते.

महादजींना दोष देणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं त्यांचें घर समुद्राकांठीं नव्हतें. ग्वाल्हेरचा किल्ला १७८० च्या ऑगस्टांतच गेला होता, १७८१ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं इंग्रजांशीं आपल्यापुरता समेट केला होता. चौलास कोण येतो यापेक्षां यमुनेच्या पलीकडे काय आहे हा त्यांचा प्रश्न होता. नानांचें मात्र तसें नव्हतें. तह मे महिन्यांत झाला, पण नानांनीं त्यावर मान्यता दिली ती २० डिसेंबरास. या सात महिन्यांच्या विलंबाचें कारण हैदराची मैत्री असें सांगतात, व ७ डिसेंबर रोजीं हैदर वारल्यावर तेरा दिवसांत मान्यता मिळाली यावरून तें बरोबर दिसतें. परंतु हैदराच्या मैत्रीचें वजन तरी कशावर होतें? हैदरामागें समुद्रावर जो उभा होता त्यावर. पेशव्यांचे वकील हैदराच्या छावणींत होते. किनाऱ्यावरील तोफांचे आवाज त्यांस ऐकूं येत होते. म्हणून त्या सात महिन्यांत ‘एरो’नें काय केलें हें पाहणें अगत्याचें आहे.

६ जुलैस नागपट्टणम् येथें तिसरी लढाई. फ्रेंचांचीं जहाजें अतिशय फुटलीं. सुफ्रेन कडलूरला आला व त्यानें तेथील घरें पाडून त्यांच्या तुळया काढविल्या, धरलेल्या व्यापारी जहाजांचे व स्वतःच्या लहान नौकांचे वांसे, दोर, शिडें उतरवून मोठ्यांवर चढविलीं. २६ जुलैच्या सुमारास हैदर त्याला मुद्दाम भेटावयास आला व त्याचा थोर सत्कार केला. महिना भरतो न भरतो तोंच सुफ्रेननें त्रिंकोमालीवर एकाएकीं घाला घातला, आणि ऑगस्ट संपतांना तें बंदर त्याचें झालें. सिंहलद्वीपाचें हें बंदर खोल, सुरक्षित, सर्व ऋतूंत उपयोगी. ह्यूज दोन दिवस उशीरा आला. ३ सप्टेंबरास चौथी लढाई जुंपली, आणि ही ‘एरो’च्या आयुष्यांतली सर्वांत भयंकर. बाकीचीं जहाजें विस्कळित होऊन मागें राहिलीं, ‘एरो’ दोन-तीन सोबत्यांनिशीं शत्रूच्या मध्यभागीं सांपडलें, आणि मुख्य डोलकाठी कोसळली. तिच्याबरोबर निशाण खालीं आलें, तेव्हां जहाज शरण गेलें असें इंग्रजांस वाटून त्यांच्या जहाजांवर जयघोष झाला. सुफ्रेननें जहाजावर असतील नसतील तीं सर्व पांढरीं निशाणें आणवून चोहों बाजूंनीं लावविलीं. संध्याकाळीं वारा पालटला म्हणून तें वांचलें.

डोलकाठी आणावयाची कोठून? त्रिंकोमाली बंदर उत्तम, पण तेथें कोठार नाहीं, गोदी नाहीं. आत शिरतांना ‘ओरियां’ नांवाचें दुसरें फ्रेंच जहाज खडकावर चढून फुटलें, आणि त्याच्या डोलकाठ्या वांचवून त्या मोडक्या जहाजांस बसविल्या. एक मोठें जहाज बुडालें म्हणून ‘एरो’ उभें राहिलें! पुढच्याच महिन्यांत ‘बिझार’ हेंहि कडलूरला गेलें.

आतां पावसाळी तुफानांचे दिवस आले. पूर्वकिनारा ऑक्टोबरापासून नौकांस काळ. आपल्या कोंकणांतील आगोट जशी जेष्ठांत, तशी तिकडची आश्विन-कार्तिकांत. दोन्ही आरमारें निवाऱ्यास निघालीं. ह्यूज कोठें गेला? मुंबईस. मद्रासेहून निघतांना वादळानें त्याचा ताफा उधळला, तरी डिसेंबरांत तो मुंबईच्या गोदीपाशीं आला, व विलायतेहून नुकतीं आलेलीं पांच मोठीं जहाजें त्याला मिळालीं. मुंबईची कोरडी गोदी १७५० सालची, तिला पुढें १७६२ व १७६५ त जोड मिळालेली. आशिया खंडांत त्या काळीं तशी दुसरी नव्हती. सुरतेहून १७३६ त आणलेल्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराच्या घराण्यानें ती नांवारूपास आणली. तेथें जहाज आत घेऊन, पाणी सोडून देऊन, तळ उघडा करून तांब्याचा पत्रा बदलतां येई. सागवान मलबारापासून गुजराथेपर्यंतच्या किनाऱ्याचें, कारागीर या देशचे. आणि सुफ्रेन कोठें गेला? सुमात्राच्या टोंकास अचीन म्हणून बंदर आहे, तेथें. ‘एरो’ नारळीच्या झाडांच्या सावलींत उभें राहिलें, आणि त्याचे मोडलेले अवयव दोरखंडांनीं आवळण्यांत आले.

येथें चौलाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. नानांनीं १७७७ त रेवदंडा फ्रेंचांस दिला असता तर १७८२ च्या हिंवाळ्यांत ‘एरो’ अचीनला न जातां मुंबईपासून तीस मैलांच्या आंत येऊन उभें राहिलें असतें, आणि ह्यूजला गोदींत निवांत बसतां आलें नसतें, असें म्हणणारे आमच्या मंडळींत आहेत. गेल्या पावसाळ्यांत या विषयावर बराच कडाक्याचा वाद झाला. नकाशावर बोट ठेवून पाहिलें तर म्हणणें गोड वाटतें. पण चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजास तळाखालीं वीस-बावीस फूट पाणी लागे, आणि कुंडलिकेचें मुख त्यापूर्वींच गाळानें भरत आलेलें. ज्या चौलांत अरबी गलबतें व पोर्तुगीज जहाजें येत, तें वैभव अठराव्या शतकांत नांवापुरतें उरलें होतें. ‘एरो’ला बाहेर उघड्या समुद्रावर नांगरावें लागलें असतें, व गोदी, कोठार, डोलकाठ्या यांपैकीं तेथेंहि कांहीं नव्हतेंच. पश्चिम किनाऱ्यावर मराठ्यांच्या ताब्यांत खोल पाण्याचें, पर्वताच्या कुशींतलें आणि गोदीची परंपरा असलेलें एकच ठिकाण होतें, तें विजयदुर्ग. त्याच्या खाडींत गिर्ये येथें आंगऱ्यांच्या वेळची खडकांत खोदलेली गोदी अजून दिसते. ल्यूबिननें चौल मागितलें, विजयदुर्ग मागितलें नाहीं. त्याला व्यापाराची वखार दिसत होती, आरमाराचें घर दिसत नव्हतें. नानांनीं न दिलेल्या वस्तूबद्दल हळहळणें व्यर्थ आहे, असें माझें मत त्या वादांतहि होतें, आतांहि आहे.

१७८३ च्या जानेवारींत ओरिसाच्या बाजूस गंजमजवळ ‘एरो’ पुन्हां प्रगट झालें, आणि तेथें धरलेल्या एका इंग्रज जहाजावरील लोकांकडून सुफ्रेनला हैदराच्या मृत्यूची बातमी समजली. पुण्याची मान्यता त्यापूर्वींच गेलेली होती. मार्चांत बुसी आला. हा आपल्या बखरींतला मुसाबुसी. १७५१ त चंद्रग्रहणाच्या रात्रीं कुकडीच्या कांठीं नानासाहेबांच्या छावणीवर तुटून पडणारा, ज्याच्या हाताखालीं इब्राहिमखान गारदी शिकला तो. बत्तीस वर्षांनीं आला तो संधिवातानें जखडलेला. त्याला कडलूरांत इंग्रजांनीं कोंडलें, आणि २० जून १७८३ रोजीं सुफ्रेन पंधरा जहाजांनिशीं ह्यूजच्या अठरांवर चालून गेला. त्या दिवशीं तो ‘एरो’वर नव्हता. सेनापतीनें लढाईच्या वेळीं लहान नौकेवर राहावें असा फ्रान्सच्या राजाचा नवा हुकूम आला होता, म्हणून तो ‘क्लेओपात्र’ नांवाच्या फ्रिगेटीवरून आज्ञा देत होता. ‘एरो’ पांचवी लढाई धन्यावांचून लढलें. ह्यूज मद्रासेकडे निघून गेला, कडलूरचा वेढा ढिलावला. आणि नऊच दिवसांनीं एक इंग्रज फ्रिगेट पांढरें निशाण लावून युरोपांत तह झाल्याची बातमी घेऊन आली.

याच उन्हाळ्यांत कोंकणांत एक प्रसंग झाला. ८ एप्रिल १७८३ रोजीं पेशव्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप यांनीं विजयदुर्गासमोर इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज मोठ्या झटापटीनें धरलें. त्यांत कर्नाटकाच्या युद्धावर जाणारे कर्नल मॅक्लाउड व हंबरस्टन होते. हंबरस्टन त्याच जखमांनीं वारला. तहाची देवघेव फेब्रुवारींतच पुरी झाली होती, म्हणून जहाज परत द्यावें लागलें. फ्रेंच आरमार व मराठी आरमार यांनीं एकाच शत्रूशीं एकाच ऋतूंत झुंज दिली ती एवढीच. आणि एकास दुसऱ्याची दाद नव्हती. सालबाईच्या तहांत तर पेशव्यांनीं पोर्तुगीजांच्या जुन्या वखारींखेरीज दुसऱ्या कोणा युरोपियनास आपल्या मुलुखांत थारा देऊं नये असें कलमच पडलें होतें. साष्टी इंग्रजांकडे राहिली; वसई आणि आमचें कल्याण परत आलें.

१७८३ च्या ऑक्टोबरांत ‘एरो’ परत फिरलें. वाटेंत केप येथें इंग्रज जहाजें भेटलीं, तेव्हां त्यांचे कप्तान होऊन सुफ्रेनच्या भेटीस आले. कालपर्यंत लढलेल्यांनीं दिलेला हा मान त्याला स्वतःच्या देशांतील सत्कारापेक्षां अधिक आवडला असें म्हणतात. २६ मार्च १७८४ रोजीं जहाज तुलोनला लागलें. तीन वर्षांत पांच लढाया, एकदां प्रायाची झटापट, आणि एकदांहि गोदी नाहीं. सह्याद्रीचीं शिखरें त्यानें कधीं पाहिलीं नाहींत.

त्याचा शेवट राज्यक्रांतींत झाला. १७९३ च्या ऑगस्टांत तुलोनच्या राजपक्षीयांनीं तें शहर व तेथील सर्व आरमार इंग्रज व स्पॅनिश यांच्या स्वाधीन केलें. ‘एरो’च्या डोलकाठ्यांखालीं आतां फ्रेंच कैदी कोंडले होते. बोनापार्ट नांवाच्या एका तरुण तोफखानेदारानें टेकड्यांवर मोर्चे बांधून बंदर असह्य केलें, तेव्हां १८ डिसेंबरच्या रात्रीं इंग्रज निघून गेले. जातांना सिडने स्मिथ यानें नेतां येण्यासारखीं नव्हतीं तीं जहाजें जाळलीं. ‘एरो’ व त्याच्या शेजारचें ‘तेमिस्तोक्ल’ यांवरील कैदी आधीं किनाऱ्यावर उतरविले, आणि मग त्या दोन्ही जहाजांस आग लावली. ओकाचें लांकूड जळावयास वेळ लागतो; विजयदुर्गाखालीं आंगऱ्यांचें सागवानहि असेंच दुपारपासून रात्रीपर्यंत जळत होतें.